मालकाचा पाय

बायकोने अट एकच घातली होती. ही नोकरी भांडण न करता सोडायची.

"नवी नोकरी मिळाली, मला आनंदच आहे," ती म्हणाली. "पण या वेळी निघताना कोणाला काही सुनावायचं नाही. हसत निघायचं. बाकीची माणसं निघतात तसं."

"मी कधी कोणाला सुनावलं?" बैठकरावांनी विचारलं, आणि विचारताक्षणीच आपण नको तो प्रश्न विचारला हे त्यांच्या लक्षात आलं. बायको खिडकीपाशी गेली आणि तिने पडदा बाजूला सारला.

खिडकीतून चौक दिसत होता आणि चौकातून फुटणाऱ्या गल्ल्या. पहिल्या गल्लीत बेकरी होती, बैठकरावांची पहिली नोकरी. "हा पाव कालचा आहे," असं दुकानभर गिऱ्हाइकांदेखत सांगून बैठकराव तिथून बाहेर पडले होते. तेव्हापासून घरातला पाव पार बाजाराच्या टोकाहून येत होता. दुसऱ्या गल्लीत चपलांचं दुकान होतं. एका बाईंच्या पायाला बूट घट्ट होतोय, तरी मालक "वापरून सैल होईल" म्हणतात, हे सहन न होऊन बैठकरावांनी बाईंना समोरच्या दुकानाचा रस्ता दाखवला होता. तिसऱ्या गल्लीत लॉन्ड्री. तिथलं तर बायको बोलूही देत नसे. कारण तिथल्या मालकीणबाई तिच्या शाळेतल्या मैत्रीण होत्या, म्हणजे त्या दिवसापर्यंत होत्या.

आणि प्रत्येक वेळी बरोबर बैठकरावांचंच होतं, हीच खरी पंचाईत होती. चुकलेल्या माणसाला माफी मागून परत जाता येतं. बरोबर असलेल्या माणसाला ती सोय नसते.

"बसथांब्यावर जायला आता एकच गल्ली उरली आहे," बायको म्हणाली. "तुमच्या कारखान्याची. तीही बंद झाली, तर मला या वयात छपरांवरून उड्या मारत जावं लागेल."

"नाही होणार बंद," बैठकराव म्हणाले. "एक वाकडा शब्द काढणार नाही. शब्द देतो."

"शब्द देऊ नका. तोंड आवरा."

बैठकराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते खुर्च्यांच्या कारखान्यात कामाला होते आणि त्यांचं काम बसण्याचं होतं. कारखान्यात तयार झालेल्या प्रत्येक खुर्चीवर आधी बैठकराव बसत. नुसते टेकत नसत. सासरी पहिल्यांदा आलेल्या जावयासारखे कडेला बसत, भरपेट जेवलेल्या मामासारखे रेलून बसत, वाईट बातमी ऐकलेल्या माणसासारखे धप्पकन बसत. मग डोळे मिटून ऐकत. खुर्ची गप्प राहिली तर तिला उलटी करून बैठकीच्या खाली खडूने एक खूण करत. कुरकुरली तर परत पाठवत. त्या खुणेशिवाय एकही खुर्ची दाराबाहेर जात नसे. असा मालकांचा दंडक होता.

दंडकाला कारण होतं. मालकांचे कान उमेदीच्या वर्षांतच करवतीच्या मशीनने खाऊन टाकले होते. शेजारी मशीन सुरू असलं तरी ते "चालू आहे का रे?" असं विचारून खात्री करून घेत. पूर्वी गिऱ्हाईक खुर्ची परत घेऊन येई, "आवाज करते" म्हणे, आणि मालक त्यावर बसून शपथेवर सांगत की खुर्ची अगदी मुकी आहे. अशी पुष्कळ गिऱ्हाइकं तुटल्यावर त्यांनी बैठकरावांना ठेवून घेतलं. नोकरीवर माणूस ठेवला असं ते म्हणत नसत. "मी कान ठेवलाय," असं म्हणत.

तर हा कान आता निघाला होता. गावातल्या मोठ्या नाट्यगृहाने त्यांना बोलावलं होतं. तिथल्या खुर्च्या नेमक्या नाटकातल्या रडण्याच्या जागी कुरकुरत आणि प्रेक्षक हसत. एवढ्या साऱ्या खुर्च्या एकाच छपराखाली आणि वर संध्याकाळी फुकट नाटक! बैठकरावांना रात्रभर झोप लागली नव्हती.

मालकांना सांगायला जाणं मात्र सोपं नव्हतं. भाषण पाठ केलं होतं, त्यात "ऋणी" हा शब्द तीनदा येत होता. पण मालकांपुढे काहीही सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागे, आणि ओरडून कृतज्ञता व्यक्त करणं फार अवघड असतं. भांडल्यासारखंच वाटतं.

"मालक! मी आपला ऋणी आहे!" बैठकराव गरजले. बाहेर रंधा मारणारे हात थांबले.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बरं," ते म्हणाले. "जा. शेवटच्या दिवसापर्यंत काम मात्र चोख कर."

एवढंच? बैठकराव थोडे खट्टू झाले. रागावतील, थांब म्हणतील, निदान खोकतील तरी, असं त्यांना वाटलं होतं. पण बायकोची आठवण ठेवून ते हसले आणि हसतच बाहेर आले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोड वागायला सुरुवात केली, आणि कारखान्यात घबराट पसरली.

कारखान्यात सर्वांत जुने सुतारकाका. त्यांचा हात असा की लाकडाला सांधा आहे हे लाकडालाच कळू नये. त्यांनी बनवलेल्या खुर्चीवर बसून बैठकराव म्हणाले, "वा काका, काय हात आहे तुमचा!"

सुतारकाकांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. इतक्या वर्षांत बैठकरावांच्या तोंडून त्यांनी "ठीक" यापलीकडे कौतुक ऐकलं नव्हतं. ते खुर्ची उचलून घेऊन गेले आणि दुपारपर्यंत तिचा एकेक सांधा तपासत बसले.

गाद्या शिवणाऱ्या बाईंना सगळे गादीताई म्हणत. त्यांना बैठकराव म्हणाले, "ताई, टाके कसे मोत्यासारखे आलेत!"

"काय चुकलंय ते सरळ सांगा ना भाऊ," गादीताई रडवेल्या होऊन म्हणाल्या, आणि त्यांनी अख्खी शिवण उसवायला घेतली.

संध्याकाळी मालकांनी बैठकरावांना बाजूला घेतलं. त्यांना कुजबुजायचं होतं, पण मालकांचं कुजबुजणं पुढच्या गल्लीत ऐकू जात असे. "अरे, डॉक्टरकडे गेला होतास का?" त्यांनी विचारलं. "काही लपवू नकोस!"

घरी बैठकरावांनी बायकोला सांगितलं, "सगळं झकास चाललंय. सगळ्यांना फार बरं वाटतंय."

आणि मग ती खुर्ची आली.

एका सकाळी बैठकराव आपल्या जागी आले, तर समोर एक रुंद हातांची आरामखुर्ची मांडून ठेवलेली होती. लाकूड उत्तम. पाठ उंच. बैठकीवर मोहरीच्या रंगाचं कापड आणि त्यावर जांभळी फुलं, एकेक फूल कोबीएवढं. सुतारकाका, गादीताई आणि मालक अशी तिघं जवळच उभी होती आणि तिघंही भलतीकडेच पाहत होती.

"कोणाची ही?" बैठकरावांनी विचारलं.

"आहे एक गिऱ्हाईक," सुतारकाका म्हणाले.

"कसं आहे गिऱ्हाईक?"

"चिकित्सक आहे," गादीताई घाईघाईने म्हणाल्या. "पण मनाने चांगलं."

बैठकराव जावयासारखे कडेला बसले. खुर्ची गप्प. मामासारखे रेलले. गप्प. मग त्यांनी बातमी ऐकली आणि धप्पकन बसले.

कुर्र.

बैठकरावांनी डोळे उघडले. एरवी ते म्हणाले असते, "न्या परत. हा पाय कोणी लावला, झोपेत लावला काय?" ते शब्द जिभेवर आलेही होते. पण डोळ्यांपुढे छपरांवरून उड्या मारणारी बायको आली. त्यांनी ते शब्द गिळले.

"खुर्ची फार सुंदर आहे," ते म्हणाले. "फक्त मागचा डावा पाय किंचित, म्हणजे अगदी किंचित, बोलका आहे."

सुतारकाकांनी छताकडे पाहिलं. गादीताईंनी सुईत दोरा ओवायला घेतला, जो आधीच ओवलेला होता. मालकांनी मोठ्यांदा विचारलं, "काय म्हणतोय?"

"डावा पाय!" सुतारकाका त्यांच्या कानात ओरडले. "मागचा!"

मालकांचा चेहरा पडला.

आता बैठकरावांना जे ठाऊक नव्हतं ते सांगून टाकायला हरकत नाही. या कारखान्याची एक जुनी रीत होती. कोणी मनापासून काम करून निघाला की सगळ्यांनी मिळून त्याला एक खुर्ची करून द्यायची. सांगाडा एकाने, गादी दुसऱ्याने, आणि एक पाय खुद्द मालकांनी स्वतःच्या हाताने. बैठकराव आल्यापासून कारखाना सोडून कोणी गेलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या कानावर ही रीत कधी आली नव्हती. मालकांनीही तेवढ्या काळात पटाशी हातात धरली नव्हती. आणि हा पाय त्यांचा होता.

बैठकराव दुपारी घरी जेवायला गेले की कारखान्यात खलबतं चालत.

"मालक, मी जरा सारखा करू का पाय?" सुतारकाकांनी विचारलं.

"अजिबात नाही! मालकाचा पाय मालकच करणार!"

"मग न तपासताच देऊन टाकू या. त्याचीच तर आहे."

मालक ताडकन उठले. "त्याच्या खुणेशिवाय? अरे, ज्याने इतकी वर्षं एकही खुर्ची तशी जाऊ दिली नाही, त्यालाच बिनखुणेची देऊ? तो पास करेल, मग सांगायचं की बाबा, तुझीच आहे. त्यातच तर मजा आहे!"

तेव्हा मालकांनी बाह्या सरसावल्या, पाय काढला आणि कामाला लागले. सरसाने हात माखला, अंगठ्याला पट्टी आली, पण त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते कारखान्यात कोणी पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. सुतारकाकांनी ते हसू पाहिलं आणि मुकाट्याने दुसरीकडे गेले.

दोन दिवसांनी खुर्ची परत आली. बैठकराव बसले. आता धप्पकन बसायचीही गरज पडली नाही, ते नुसते जावयासारखे टेकले आणि खुर्ची बोलली.

"प्रगती आहे," बैठकराव दात आवळून हसत म्हणाले. "आधी एकच आवाज होता. आता दोन आहेत."

"म्हणजे पास?" मालकांनी आशेने विचारलं.

"म्हणजे अजून थोडी मेहनत, मालक!"

रात्री जेवताना मात्र बैठकरावांचा बांध फुटला. कारखान्यात दिवसभर जे गिळलं होतं ते घरी बाहेर आलं. घरी बोलायला कोणाची हरकत नव्हती, असं निदान त्यांना वाटत होतं.

"एक खुर्ची आली आहे," ते म्हणाले. "काय सांगू तुला! पाय तर असा की गाढवानेही लावला नसता. पण तेही एकवेळ चालेल. कापड! मोहरीचा रंग, आणि त्यावर जांभळे कोबी. अगं, ज्या कोणी ते कापड पसंत केलं ना, त्याला घरात विचारणारं माणूस नसेल. नाहीतर असं कापड कोण..."

बायकोने वाढण्याचा डाव भांड्यात आपटला.

"काय झालं?"

"काही नाही."

"भाजी हवी होती थोडी."

"हात आहेत ना तुम्हाला? घ्या."

बैठकरावांना काही कळेना. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, की गादीताई गुपचूप घरी येऊन गेल्या होत्या, "वहिनी, कापड तुम्ही निवडा, घरात शोभलं पाहिजे," असं म्हणाल्या होत्या, आणि बायकोने अख्खी दुपार घालवून, खिडकीपाशी तुकडे धरून धरून, नेमकं ते कापड निवडलं होतं.

"फुलं मोठी असली म्हणजे वाईट असतात का?" बायकोने भांडी घासता घासता, मान न वळवता विचारलं.

"मोठी? अगं, त्यावर बसताना मी आधी भाजीवाल्याची परवानगी घेतली!"

त्या रात्री बैठकरावांशी कोणी बोललं नाही. कारखान्यात गोड राहण्याच्या नादात घरी कधी भांडण झालं आणि ते कोणी सुरू केलं, याचा विचार करत ते पडून राहिले.

शेवटचा दिवस उजाडला.

कारखान्यात सकाळपासून लगबग होती. मागच्या खोलीत, पडद्याआड, मोठा केक आणून ठेवला होता. बायकोलाही बोलावणं होतं. ती मागच्या दाराने येऊन पडद्यामागे केकशेजारी बसली होती, अजून थोडी घुश्शात. बैठकरावांनी खुर्ची पास केली की पडदा सरकवायचा आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असं ठरलं होतं. पास होण्याबद्दल मालकांना शंका नव्हती. पहाटेपासून बसून त्यांनी पाय तिसऱ्यांदा केला होता.

"आण रे ती खुर्ची!" मालक म्हणाले.

बैठकरावांनी दुरूनच मोहरीचा रंग ओळखला. शेवटच्या दिवशी पुन्हा हीच? ते बसले.

कुर्र-कुर्र-कट्.

'कट्' नवीन होतं.

सगळे वाकून त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. बैठकरावांनी खिशातला खडू चाचपला. एक खूण, फक्त एक खूण, की सुटका. हस्तांदोलन, नमस्कार, मोकळी गल्ली, खूश बायको. त्यांनी खडू बाहेर काढला. खुर्ची उलटी केली. मागच्या डाव्या पायाचा सांधा त्यांच्या डोळ्यांसमोर आला, त्यातून सरसाचा ओघळ खालपर्यंत आला होता आणि त्यात भुसा अडकलेला होता. इतक्या दिवसांचं गोड वागणं तिथेच संपलं.

"छे! छे! छे!" बैठकराव ओरडले. "हा पाय आहे का काय आहे? कोणी केलाय हा पाय? समोर या! अहो, आठवडाभर मी तोंड दाबून बसलोय, पण काही लाज? काका, तुमच्या कारखान्यातून हा पाय बाहेर जाणार? मालक, तुम्ही हे बघता कसं? आणि ते गिऱ्हाईक कोण आहे, त्यालाही आणा इथे! मोहरीवर कोबी बसवून घेणारं माणूस आहे तरी कसं, मला बघायचंच आहे! अशा आंधळ्याला हीच खुर्ची पाहिजे, असंच पाहिजे त्याला!"

कारखान्यात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती; मालकांना सोडून. पण मालकांना या वेळी सगळं ऐकू गेलं होतं.

"तो आंधळा तूच आहेस, मूर्खा!" मालक गरजले. "ती खुर्ची तुझी आहे! आणि तो पाय माझा आहे!"

पडदा सरकला. ठरल्यापेक्षा बराच लवकर सरकला, आणि टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. पडद्यामागे बायको उभी होती.

"झाली," ती म्हणाली. "झाली ही पण गल्ली बंद."

बैठकराव खाली बसले. कशावर बसलो हेही त्यांनी पाहिलं नाही. जमिनीवरच बसले. त्यांनी एकदा उलट्या खुर्चीकडे पाहिलं, एकदा मालकांच्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे, एकदा केककडे, आणि मग बायकोच्या डोळ्यांकडे. तिथे त्यांना अचानक ते कापड कोणी निवडलं हेही कळलं.

"फुलं तशी..." ते म्हणाले, "बघत राहिलं की मनात भरतात."

"राहू द्या," बायको म्हणाली.

गादीताई डोळे पुसत पुढे आल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. रीत, सांगाडा, कापड, पाय. आजवर कोणत्याही दुकानातून निघताना बैठकरावांच्या हातात कोणी काही दिलं नव्हतं. बेकरीतून निघताना तर डोक्यावरची टोपीही काढून घेतली होती. आणि इथे माणसं आठवडाभर चोरून त्यांच्यासाठी राबत होती, आणि ते त्या प्रत्येकाला नावं ठेवत होते. त्यांचे डोळे भरून आले.

मालकांनी जमिनीवर पडलेला खडू उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"आता तरी कर खूण," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग उरला नव्हता. "तुझीच आहे. घेऊन जा."

बैठकरावांनी खडू घेतला. गुडघ्यांवर बसून ते खुर्चीवर वाकले. बायको पुटपुटली, "करा हो. एक रेघ तर आहे." खडू लाकडाला टेकला. टेकलेलाच राहिला. रेघ काही उमटेना.

"मालक," शेवटी ते हळूच म्हणाले आणि मग आठवण होऊन ओरडून म्हणाले, "मालक! माझ्यावर रागवा! हवं तर ही गल्ली बंद करा! पण नाही होत माझ्याच्याने! आजवर एक खोटी खूण केली नाही, शेवटची तेवढी खोटी करू?"

बायकोने डोळे मिटून घेतले.

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा रडतोय. पण मालक हसत होते, पोट धरून, चष्मा नाकावरून घसरेपर्यंत.

"बघितलंत?" ते सुतारकाकांकडे वळून म्हणाले. "मी उगाच म्हणतो का? माझा कान आहे तो! माझ्या पायालाही सोडलं नाही त्याने!" त्यांनी बैठकरावांना दंडाला धरून उठवलं. "ऊठ. नापास ती नापास. आता ही खुर्ची दाराबाहेर जाणार नाही. मी पाय परत करणार."

"पण मालक, मी तर आज चाललो. तपासणार कोण?"

"कोण म्हणजे? गिऱ्हाईक तपासेल. चिकित्सक गिऱ्हाईक आहे, रविवारी यायला सांगू त्याला. रविवारी सकाळी नाटक असतं का?"

"नसतं!" बैठकराव ओरडले.

"अरे, एवढ्यांदा कशाला ओरडतोस?" मालक म्हणाले. "ऐकू येतं मला."

मग केक कापला. सुतारकाकांनी बैठकरावांच्या पाठीत धपका घातला आणि म्हणाले, "बाबा रे, तू 'वा काका' म्हणालास तेव्हा मला वाटलं आता आपलं काही खरं नाही. आज शिव्या दिल्यास, जिवात जीव आला." गादीताईंनी उसवलेल्या शिवणीचा हिशेब मागितला आणि हसत हसत सोडून दिला. बायकोने केकचा मोठा तुकडा नवऱ्याच्या हातात ठेवला. फुलांबद्दल ती काही बोलली नाही. ते ती पुढे आयुष्यभर, लागेल तसं, थोडं थोडं बोलणार होती.

घरी जाताना दोघं त्याच गल्लीतून गेले, अगदी मधोमध चालत.

बैठकराव नाट्यगृहात रुजू झाले. तिथल्या खुर्च्या हळूहळू गप्प होऊ लागल्या आणि प्रेक्षक रडण्याच्या जागी रडू लागले. पण रविवारी सकाळी मात्र ते नवराबायको कारखान्याच्या गल्लीत असत. बायको गादीताईंपाशी बसे. मालक बाह्या सरसावून आपल्या पायाची नवी आवृत्ती घेऊन उभे राहत. बैठकराव बसत, ऐकत, मान हलवत आणि दोष सांगत, आता मुळीच गोड न बोलता. आणि खरं सांगायचं तर पाय सुधारत होता. मालकांच्या हाताला जुनं काम आठवायला लागलं होतं. आधी कट् गेलं. मग दोनातला एक कुर्र गेला. सुतारकाका म्हणाले, हल्ली मालक आठवड्यातले बाकीचे दिवसही पटाशी सोडत नाहीत, आणि कोणावर ओरडतही नाहीत.

मग एका रविवारी बैठकराव त्या खुर्चीवर जावयासारखे बसले. खुर्ची गप्प. मामासारखे रेलले. गप्प. ते उठले, दीर्घ श्वास घेतला आणि आयुष्यातली सर्वांत वाईट बातमी ऐकल्यासारखे अंग टाकून बसले.

खुर्चीतून आवाज आला नाही. मशीन बंद होतं. गादीताईंची सुई थांबली होती. बायको त्यांच्याकडे पाहत होती. बैठकरावांनी डोळे मिटून खूप वेळ ऐकलं, आणि मग उघडले. समोर मालक उभे होते, केसांत भुसा, हातात कानस, शाळेच्या निकालाची वाट पाहणाऱ्या मुलासारखे. त्यांच्या मागे भिंतीला टेकून नव्या पायासाठी आणलेला लाकडाचा तुकडा ठेवलेला होता, पुढच्या रविवारसाठी आधीच कापून.

बैठकरावांनी खिशातला खडू चाचपला आणि खिशातच राहू दिला.

"अजून थोडी कुरकुर आहे, मालक!" ते म्हणाले.

बायकोने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. सुतारकाकांनीही पाहिलं. त्यांना तर दुसऱ्या गल्लीतली करवत बोथट झाली की इथे बसून कळत असे. त्यांनी गंभीरपणे मान डोलावली.

"आहे खरी," ते म्हणाले. "मागच्या डाव्या पायाला."

"हो ना," मालक खुर्ची उलटी करत, खुशीत म्हणाले. "मला तर मघाशीच ऐकू आली."